कळलावी

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, लिफ्टच्या यंत्रखोलीला लागून, एक लांबट खोली होती. तिच्या एकुलत्या एका खिडकीतून धुलाईखात्याचं अंगण दिसायचं. तिथे दिवसभर हिरव्या चादरी वाळत असायच्या, त्यामुळे खोलीतला उजेडही जरा हिरवटच. दारावर ‘अहवाल टंकलेखन विभाग’ असं लिहिलेलं होतं, पण लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला टाइपवाल्यांची खोली म्हणत. चार टेबलं, चार संगणक, चार माणसं. डॉक्टर पेशंट तपासून झाला की एका यंत्रात बोलून ठेवायचे, आणि इथे ते बोलणं कानाला लावून टाइप व्हायचं. टेबलाखाली पायाशी एक पट्टी असे. दाबली की डॉक्टर बोलू लागत, पाय उचलला की गप्प. ‘घरीही अशी एक पट्टी हवी होती,’ हा विनोद दर नव्या माणसाला ऐकवला जायचा, आणि नवं माणूस बिचारं दर वेळी हसायचं.

या चौघांतली एक म्हणजे कळलावी.

हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे, आणि भांडणं लावायचा तर तिचा पिंडच नव्हता. कुणी नुसतं आवाज चढवून बोललं तरी ती मान खाली घालून टाइप करू लागायची. वय अठ्ठेचाळीस, अंगाने बारीक, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्न केलं नव्हतं, आणि ‘का नाही?’ हे विचारायचं लोकांनीही दहा-बारा वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. घरी ती आणि तिचे वडील, अप्पा. अप्पांनी जन्मभर टपालघरात पत्रांची वर्गवारी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी जेवणाच्या टेबलावर चमचे, विजेची बिलं, औषधांच्या पट्ट्या, जे हाताला लागेल त्याचे नीट गठ्ठे लावत बसायचे.

तिच्यात खोट म्हणावी तर एकच. तिला कुणालाही नाही म्हणता येत नसे.

खोलीत आधी जे टाइप करायचं सॉफ्टवेअर होतं, ते विकणारी कंपनी एके दिवशी गाशा गुंडाळून गेली. नवे संगणक आले, त्यांवर ते चालेना. बाजारातून दुसरं आणलं, तर ते इस्पितळाच्या छापील नमुन्याशी जमवून घेईना. पेशंटचं वय डॉक्टरांच्या सहीच्या जागी जाऊन बसायचं. रेकॉर्डसाहेब, म्हणजे या खोलीचे वरिष्ठ, डोक्याला हात लावून बसले. कळलावी तेव्हा संध्याकाळच्या एका वर्गात प्रोग्रॅमिंग शिकून आली होती, असंच, हौस म्हणून. ती चाचरत म्हणाली, “मी बघू का जमतंय ते?”

जेवणाच्या सुट्ट्या आणि सात महिन्यांचे रविवार खर्ची घालून तिने एक छोटंसं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याचं नाव ठेवलं ‘पाटी’. लिहा, पुसा, जतन करा, नमुन्यात बसवा, बस्स. साहेबांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “वय वयाच्या जागी आलंय.” त्यांच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी होती.

पहिला खोडा मोठ्या बाईंनी घातला. खोलीतल्या सगळ्यांत जुन्या त्या. एकतीस वर्षांची नोकरी, सुरुवात टाइपरायटरवर. कळफलकाकडे न बघता, समोरच्याला रागवता रागवता त्या पानभर मजकूर बिनचूक उतरवायच्या. त्यांनी अर्धा तास पाटी वापरली आणि कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“अगं, जतन करायला ही वरची बारावी कळ कुणी ठरवली?”

“मी, बाई. मला तिथे सोयीचं वाटलं.”

“तुला वाटलं. माझ्या बोटांना विचारलंस का?”

कळलावीने त्याच दुपारी बाईंच्या संगणकावर जतन करायला दुसरी कळ लावून दिली, एफ-दोन. बाईंनी एकदा दाबून पाहिली, मान हलवली, आणि पुन्हा रागवायला मोकळ्या झाल्या.

ते टकटकने पाहिलं. टकटक म्हणजे खोलीतला एकमेव पुरुष, धिप्पाड, दोन बोटांनी टाइप करणारा, तेही असं की शेजारच्या टेबलावरचा पेन थरथरावा. नजर कायम बोटांवर. पडद्यावर काय उमटतंय ते तो पान संपल्यावर बघायचा. “ताई, मला ‘रक्तदाब’ अख्खा शब्द एका कळीवर द्या ना,” तो म्हणाला. दिला. मग त्याला ‘मधुमेह’ हवा झाला. चौथ्या टेबलावरची डावरी, दोन वर्षांची मुलगी असलेली तरुण बाई, सगळी कामं डाव्या हाताने करणारी. तिने पुसायची कळ डावीकडे मागितली. दिली. मग मोठ्या बाईंना वाटलं आपल्याला फक्त एकच मिळाली. मग टकटकला समजलं की डावरीला ओळ उडवायची कळ मिळालीय आणि ती त्याला नाही.

“तिला का? मी काय घोडं मारलंय?”

“तुम्ही मागितली नव्हती.”

“मग आता मागतो!”

वर्षभरात प्रत्येक टेबलाचं वेगळंच राज्य झालं. या कळा तिने पाटीच्या पोटात जागोजागी ठोकून बसवल्या होत्या: हे टेबल असेल तर ही कळ हे करेल, ते टेबल असेल तर ते. एखादं काम सुधारायचं म्हटलं की बारा ठिकाणी हात घालावा लागे, आणि तेरावं राहून जाई. जो तो तिच्याकडे दुसऱ्याची कळ मागायला येई, दुसरा रुसून बसे. एकदा असाच कल्ला चालू असताना रेकॉर्डसाहेब दारात आले, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, “हिला मी कळा लावायला सांगितलं होतं, ही तर कळी लावत सुटली!” सगळे खो-खो हसले, तीही हसली, आणि त्या दिवसापासून ती कळलावी झाली.

आता त्या गुडघ्याची गोष्ट.

हाडांच्या डॉक्टरांच्या अहवालात ‘उजव्या’ आणि ‘डाव्या’ हे शब्द इतक्यांदा येत की प्रत्येकाने त्यांना कळ मागून घेतली होती. तीन टेबलांवर एफ-सात दाबलं की ‘उजव्या’ आणि एफ-आठ दाबलं की ‘डाव्या’ उमटायचं. डावरीचं म्हणणं पडलं की ताई, हे उलटं आहे. डावं डावीकडे नको का? म्हणणं रास्त होतं. तिच्या टेबलावर कळलावीने दोन्हींची अदलाबदल करून दिली.

एके दिवशी डावरीच्या मुलीला ताप आला म्हणून ती रजेवर होती. त्याच सकाळी टकटकच्या संगणकाचा पंखा बंद पडला. तो सरळ जाऊन डावरीच्या खुर्चीवर बसला आणि कामाला लागला. एका सुताराच्या गुडघ्याचा अहवाल होता. डॉक्टर सहा वेळा ‘उजव्या’ म्हणाले, टकटकने सहाही वेळा एफ-सात ठोकलं, आणि कागदावर सहाही वेळा ‘डाव्या’ छापलं गेलं. एकदाच चुकलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांना खुपलं असतं. सहा वेळा तेच म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतो!

दोन दिवसांनी शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी नर्स पेन घेऊन सुताराच्या डाव्या गुडघ्यावर खूण करायला गेली. सुताराने तिचा हात धरला.

“ताई, याला कशाला रंगवताय? हा चांगला आहे. याच्याच जिवावर तर इथवर आलो.”

अर्ध्या तासाने हाडांचे डॉक्टर टाइपवाल्यांच्या खोलीत आले. आजवर ते कधी तिकडे फिरकले नव्हते. वाट विचारत विचारत पोचले होते. हातात तो कागद. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं नंतर सगळ्यांनाच वाटलं. पण ते अगदी हळू बोलले.

“हे कुणी टाइप केलं?”

टकटक उभा राहिला. “मी, सर.”

“मी काय म्हटलं होतं ते ऐकवाल?”

टकटकने हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला. डॉक्टरांचाच आवाज, दमलेला, पण स्वच्छ: उजव्या गुडघ्याची. टकटकने कागद पाहिला, मग स्वतःची दोन बोटं पाहिली, जणू त्यांनीच दगा दिला होता.

कळलावी उठली. “सर, चूक यांची नाही. यांनी नेहमीचीच कळ दाबली. या टेबलावर ती मी उलटी लावून दिली आहे.”

“का?”

“मला तशी मागितली होती.”

डॉक्टरांनी तो कागद तिच्या टेबलावर ठेवला. “बाई, माझ्याकडेही लोक खूप काही मागतात. सगळंच देत नाही मी.”

ते निघून गेले.

रेकॉर्डसाहेबांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं: सोमवारपासून सगळ्यांच्या कळा एकसारख्या, कुणाचे लाड नाहीत. कळलावीला ते पटलंच. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की साहेबांनी पाटीच पुसून टाकायला सांगितली असती तरी तिने पुसली असती. रविवारभर बसून तिने प्रत्येकाची कळ न कळ उपटून काढली, एकच यादी केली, मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर चिकटवली.

सोमवारी ती खोली ओळखू येईना. डावरी डाव्या हाताच्या बोटांना कागदाच्या चिठ्ठ्या गुंडाळून बसली होती, कुठलं बोट काय करेल ते लिहून. टकटक दर शब्दाला मान वर करून भिंतीकडे बघायचा. बुधवारपर्यंत त्याची मान आखडली. ज्या कामाला एक दिवस लागायचा त्याला दोन लागू लागले. सगळ्यांत वाईट म्हणजे चुका थांबल्या नव्हत्या. नुसत्या वेगळ्या झाल्या होत्या.

गुरुवारी मोठ्या बाईंनी दीड तास खपून एक लांबलचक अहवाल संपवला आणि सवयीने एफ-दोन दाबलं. नव्या यादीत एफ-दोन म्हणजे ‘पान कोरं कर’. पान कोरं झालं. बाईंनी कुणाला रागवलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

कळलावी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. “बाई, जतन करायला आता एफ-बारा आहे.”

“ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलंयस, आंधळ्यालाही दिसेल.”

“मग?”

“अगं, मी कुठे कळ दाबते? मी मनात म्हणते, जतन. पुढचं बोटं बघून घेतात. त्यांना कोण सांगणार, भिंतीकडे बघा म्हणून?”

कळलावी टकटककडे वळली. “गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही जतन कुठल्या कळीने करत होतात?”

“मी ना? ते आपलं...” टकटकला काही केल्या सांगता येईना. त्याने डोळे बारीक केले, छताकडे पाहिलं, शेवटी टेबलावर हात ठेवून हवेतच टाइप केल्यासारखं केलं आणि आपलं बोट कुठे पडतं ते वाकून पाहिलं. “ही! कंट्रोल आणि एस.”

डावरीला विचारलं, तिलाही आधी बोट कुठे पडतं ते बघावं लागलं. माणसांच्या डोक्यात कामाचं नाव होतं. कळ कुणाच्याच डोक्यात नव्हती. ती बोटांत मुरलेली होती. आणि आपण इतके दिवस या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून ठेवल्या, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. वर त्या बांधल्या कशाला, तर टेबलाला! ज्याला ना डोकं, ना बोटं.

पुढचे तीन रविवार जेवणाच्या टेबलावर अप्पांच्या गठ्ठ्यांना जागा उरली नाही. तिने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या. पाटी जी जी कामं करू शकते त्या प्रत्येकाला एक नाव दिलं, एका चिठ्ठीवर एक नाव: जतन, पूस, ओळ उडव, ‘उजव्या’ लिही, ‘डाव्या’ लिही. अशा एकशे अठरा चिठ्ठ्या झाल्या. मग प्रत्येक माणसाचं एक पान: माझी ही कळ म्हणजे अमुक नाव. हे पान टेबलाचं नाही, माणसाचं. कुठल्याही खुर्चीवर बसा, आपली खूण टाका, तुमचं पान तुमच्यामागे येईल.

आणि तिसरी वस्तू, जिच्यावर ती सगळ्यांत जास्त खूश होती, ती म्हणजे बदलीची वही. प्रत्येकाची एक आणि सगळ्या खोलीची एक सामाईक, आणि त्यांत कळीचा उल्लेखच नाही. नुसतं एवढंच: अमुक कामाच्या ऐवजी तमुक काम कर. मग ते काम कुणी कुठल्याही कळीने सांगितलेलं असो.

“म्हणजे बघा अप्पा,” ती सांगत होती, “मला जतन करण्यात काही सुधारणा करायची झाली, तर आता बाईंची एफ-दोन, टकटकची दुसरी, डावरीची तिसरी असं शोधत फिरायला नको. वहीत एक ओळ. बोटांना पत्ताही लागणार नाही.”

अप्पा एक चिठ्ठी हातात धरून बघत होते. “यात नवीन काय आहे?” ते म्हणाले. “टपालात हेच चालतं.” पण ते खूश दिसत होते. चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांनीच लावून दिले.

पाटीची ही नवी आवृत्ती आधी एकट्या टकटकला वापरायला द्यायची ठरलं. पंधरा मिनिटांत त्याचा संगणक गोठला. पडदा ढिम्म, पंखा मात्र विमान उडाल्यासारखा घोंघावतोय.

“ताई, मी काहीही केलं नाही!” टकटक दोन्ही हात वर करून म्हणाला. त्याने नेमकं काहीतरी केलं होतं. दुसरीकडून उचललेला मजकूर चिकटवताना त्याचे मूळचे तिरके-जाड टाइप सोबत येतात म्हणून त्याने स्वतःच्या बदलीच्या वहीत लिहिलं होतं: ‘चिकटव’च्या ऐवजी ‘साधं चिकटव’. आणि खोलीच्या सामाईक वहीत कळलावीनेच कधीतरी लिहून ठेवलं होतं: ‘साधं चिकटव’च्या ऐवजी ‘चिकटव’. पाटी बिचारी याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे अशी गरगर फिरत बसली होती.

घरी जाऊन तिने अप्पांना हे सांगितलं, तर अप्पा हसता हसता खोकायला लागले.

“दोन भाऊ होते,” खोकला थांबल्यावर ते म्हणाले. “थोरला गाव सोडून धाकट्याच्या घरी राहायला गेला. टपालघरात लिहून देऊन गेला, माझी पत्रं तिकडे पाठवा. तिकडे धाकट्याची बदली झाली, तो आला थोरल्याच्या रिकाम्या घरात. त्यानेही तिकडच्या टपालघरात लिहून दिलं, त्या घरी येईल ते इकडे पाठवा. झालं! थोरल्याच्या नावाचं एक पाकीट दोन गावांच्या मध्ये फेऱ्या मारू लागलं. माझ्या हातात सातव्यांदा आलं तेव्हा शिक्का मारायला जागा नव्हती.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? एकदा वळवलेल्या पाकिटावर आम्ही निळी रेघ मारायला लागलो. रेघ असली की परत वळवायचं नाही. जिथे पोचलं तिथे दारातून आत टाकायचं.”

कळलावीने पाटीत निळी रेघ आणली. एका कामाची बदली एकदाच. बदलीवर जे आलं त्याची पुन्हा बदली नाही. एवढ्या एका ओळीने टकटकचा पंखा शांत झाला.

आता साहेबांना पटवायचं होतं, आणि त्याहून अवघड म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना. ती निरोप पाठवू शकली असती. पण ती स्वतः त्यांच्या खोलीबाहेर पाऊण तास उभी राहिली आणि ते बाहेर आल्यावर एका दमात म्हणाली, “सर, दहा मिनिटं खाली याल का? या वेळी कुणी काही मागितलेलं नाही.”

ते आले. साहेबही आले. कळलावीने टकटकला मुद्दाम डावरीच्या खुर्चीवर बसवलं. त्याने आपली खूण टाकली, एफ-सात दाबलं: ‘उजव्या’. मग तिथेच डावरी बसली, तिची खूण, तीच कळ: ‘डाव्या’. तिसऱ्यांदा कळलावीने स्वतः बसून कुणाचीच खूण न टाकता कळ दाबली. पाटीने काही उमटवलंच नाही; ‘कोण बसलंय?’ असं विचारलं.

“आणि शंका आली तर ही वरची पहिली कळ,” ती म्हणाली. “ही दाबून मग दुसरी कुठलीही कळ दाबली की पाटी ते काम करत नाही, नुसतं सांगते की या कळीने आत्ता काय होईल. ही एक कळ सगळ्यांची सारखी आहे. ती मी कुणालाही बदलू देणार नाही.”

शेवटचे शब्द ती डॉक्टरांकडे बघून म्हणाली. त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

“माणसं तरीही चुकतीलच,” ते म्हणाले.

“हो. म्हणून जतनची बदली केली आहे.”

टकटकने एक अहवाल टाइप केला आणि जतन केलं. पडद्यावर चौकट आली: ‘या अहवालात डाव्या सहा वेळा, उजव्या एकदाही नाही. तुम्ही काय ऐकलंत?’ आणि खाली कोरी जागा, जिथे एकही आयती कळ चालत नव्हती. शब्द अक्षर-अक्षर स्वतः लिहावा लागत होता, आणि तो अहवालाशी जुळला तरच जतन होणार होतं. टकटकने पट्टी दाबून पुन्हा ऐकलं, मग दोन बोटांनी सावकाश लिहिलं.

“हे कुणाच्या कळीवर आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठल्याच कळीवर नाही, सर. जतन या कामावर आहे. बाई एफ-दोनने करू देत, हे कंट्रोल-एसने. कुणीही, कसंही जतन केलं तरी याला चुकवता येत नाही.”

डॉक्टरांनी मोठ्या बाईंना करून दाखवायला सांगितलं. बाईंनी भिंतीकडे न बघता, डॉक्टरांकडेही न बघता एफ-दोन दाबलं. चौकट आली. “वेळ खाणार हे,” त्या पुटपुटल्या, आणि शब्द लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंतीवरची यादी आपल्या हाताने काढली.

पुढे काही फार मोठं घडलं नाही. सुताराच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. पाटी इस्पितळाच्या आणखी दोन विभागांत गेली, मग दुसऱ्या एका इस्पितळातून विचारणा आली. तिथल्या लोकांच्या मागण्यांची यादी पाहून कळलावीने आयुष्यात पहिल्यांदा एक पत्र लिहिलं, ज्यात ‘नाही’ हा शब्द तीनदा होता. पाठवण्याआधी तिने ते टकटकला वाचायला दिलं. तो म्हणाला, “ताई, एक ‘नाही’ कमी करा, एकदम फारच होतंय.” तिने केला नाही.

घरी अप्पांचे हात थरथरू लागले होते. टपालघरातला त्यांचा जुना जोडीदार दूर मुलीकडे राहायला गेला होता आणि त्याला पेनने पत्र लिहिणं अप्पांना जमेना. तेव्हा एका रविवारी दुपारी कळलावीने त्यांच्यापुढे पाटी मांडली. बोट कळीवर जास्त वेळ टेकलं की अक्षरांची माळ लागायची, ती तिने बंद केली. मग विचारलं, “अप्पा, तुमचं पान करूया. कुठली कामं कुठे हवीत?”

अप्पांनी चार दिवस विचार केला. त्यांची एकच अट निघाली.

“ते पुसणं नको मला.”

“पुसणं नको म्हणजे? चुकलं तर?”

“चुकलं तर खोडायचं. रेघ मारून. खालचं दिसलं पाहिजे. अगं, मी आधी काय म्हणणार होतो आणि मग काय म्हटलं, हे त्याला कळायला नको? नाहीतर पत्र कशाला, तार करीन.”

तिने अप्पांच्या वहीत एक बदली लिहिली: ‘पूस’च्या ऐवजी ‘रेघ मार’. अप्पांचं पहिलं पत्र दीड पानांचं झालं, त्यातलं जवळजवळ एक पान खोडलेलं. तिने ते तसंच छापून पाठवलं. जोडीदाराचं उत्तर बारा दिवसांनी आलं, मुलीकडून लिहवून घेतलेलं. तब्येतीच्या चार ओळी, नातवाच्या दोन, आणि खाली लिहिलं होतं: “तिसऱ्या परिच्छेदात माझ्या जावयाबद्दल तू जे खोडलंस ते अगदी खरं आहे.”

अप्पांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि म्हणाले, “नवीन पान उघड बघू.”